शून्य सावली बाराला नव्हे, साडेबाराला

महोदय,

सूर्य थेट डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते, त्या शून्य सावलीच्या बातमीत तारीख असते, पण वेळ बहुतेकदा ‘दुपारी १२’ अशी ठोकून दिलेली असते. नाशिकसाठी ती चूक आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, नाशिक ७३.८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सूर्य आपल्या मध्यान्हवृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) ३५ मिनिटे उशिरा येतो. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस यांमुळे मे महिन्यात त्यातली साडेतीन मिनिटे वजा होतात. म्हणून २० मेच्या सुमारास, नाशिकच्या शून्य सावलीच्या वेळी, आपली खरी मध्यान्ह १२ वाजून ३१ मिनिटांनी होते. बाराच्या ठोक्याला ३० सेंमी काठीची सावली जवळपास ४ सेंमी पडते. मुले ती पाहून हिरमुसतात आणि अर्धा तास आधीच घरात जातात!

काठी ओळंब्यात हवी. ती एक अंश जरी कलली तरी अर्धा सेंमी सावली उरते. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेव्हा पाणसळ लावून फळी सपाट करावी आणि काठी तिच्यावर उभी करावी. तारखेचा मात्र बाऊ नको. त्या दिवसांत सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर) रोज ०.२ अंशाने सरकते, म्हणजे सावलीत जेमतेम १ मिमीचा फरक. दुसरी संधी २३ जुलैच्या आसपास, १२.४१ला, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही.

आपल्या दैनिकाने तारखेसोबत प्रत्येक शहराची मध्यान्हवेळही छापावी, ही विनंती.

– एक खगोलप्रेमी वाचक, नाशिक