घारापुरीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आमच्या गटातल्या हुशार मुलांना तुम्ही शिल्प पाहायला शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र. घाईत, निघताना म्हटलेल्या ‘थँक्यू’वर हे भागणारं नाही.

प्रज्ञावान मुलांची एक अडचण वरवर दिसत नाही. ती आधीच वाचून आलेली असतात. लेण्यातल्या साधारण सहा मीटर उंचीच्या, तीन चेहऱ्यांच्या त्या सदाशिवाच्या मूर्तीसमोर उभी राहिली की लगेच उत्तर तयार: “त्रिमूर्ती. ब्रह्मा, विष्णू, महेश.” मोठी माणसं खूश होतात आणि मुलाचं पाहणं तिथंच थांबतं. गणितात दोन इयत्ता पुढे असलेलं मूल कलेच्या बाबतीत ‘हुबेहूब आहे म्हणून छान’ इथवरच असू शकतं. पण ते बोलतं इतकं सफाईदार, की कुणाच्या लक्षात येत नाही. याआधी भेटलेल्या जाणकारांनी त्यात भरच घातली. शतक, राजवंश, अर्ध्या तासात सगळं लेणं, वर रकाने भरायचा कागद. मुलं कागदाकडे बघत राहिली, मूर्तीकडे नाही.

तुम्ही सहा-सात जणांनाच खाली बसवलंत. उन्हातून आल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनवाइन यांच्या कलाकृती पाहायला शिकवण्याच्या पद्धतीतले तीन साधे प्रश्न: इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय?

“ब्रह्मा, विष्णू, महेश” तेव्हाही आलंच. तुम्ही ते खोडलं नाहीत, शाबासकीही दिली नाहीत. “कशावरून?” एवढंच विचारलंत, आणि तो मुलगा सांगू लागला तसं लांबूनच बोट दाखवत गेलात. तो मिशी म्हणाला, बोट मिशीकडे. साप म्हणाला, सापाकडे. “पलीकडचा चेहरा बाईसारखा आहे,” असं एक मुलगी पुटपुटली, तर बोट तिकडे गेलं आणि कमळापाशी थांबलं. मग मधल्या चेहऱ्याचे मिटलेले डोळे, खालचा जाड ओठ. हे तीन देव नसून एकाच शिवाची तीन रूपं आहेत, हे शेवटी मुलांनीच मांडलं. शेजारच्या अर्धनारीश्वरात नंदीवर रेललेली बाजू आणि आरसा धरलेली बाजू त्यांनी आपणहून वेगळी केली. खालचा भाग फुटलेला आहे, तरी शरीराचा भार कुठल्या पायावर असेल यावर वाद घातला!

सगळ्यात मोलाचं ते बोट. त्यामागे बाकीच्यांची नजर जाते आणि बोलणाऱ्याला आपला पुरावा दगडातच शोधावा लागतो. शिवाय मुलांचं म्हणणं पुन्हा सांगताना तुम्ही त्यांचेच शब्द ठेवलेत. त्या मुलीच्या ‘बाईसारखा’चं कुणी ‘स्त्रीतत्त्व’ केलं असतं, तर तिने पुन्हा तोंड उघडलं नसतं.

लहानांचं बोलणं मोठ्यांच्या बोलण्याइतक्या आदराने ऐकणारी माणसं फार थोडी. हुशार मुलांच्या वाट्याला तर ती आणखीच कमी येतात, कारण त्यांच्याकडून सगळ्यांना फक्त उत्तर हवं असतं.

पुढचा गट पावसाळा सरल्यावर आणू. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार सोडून तुम्हाला सोयीचा दिवस कळवा. या वेळी रकान्यांचा कागद नसेल.

आपला कृतज्ञ,
मुलांसोबत आलेला शिक्षक