मावशींचा अर्ज

धुळे,
पोळ्याआधीचा रविवार, रात्र

प्रिय बापू,

आखाजीला तुझा फोन आला होता. "जेवतोय, दहा मिनिटांत करतो" म्हणालो आणि आता पोळा आला. कारण काहीच नव्हतं. आधी वेळ नव्हता. मग वेळ मिळाला तेव्हा इतके दिवस गेले म्हणून लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायी आणखी दिवस गेले. रागावला असशील तर राग, पण पत्र पूर्ण वाच. मधेच फोन करू नकोस. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

प्रकृती ठीक. पित्त आहेच. आईची साखर आटोक्यात आहे.

कानबाईच्या रविवारी (श्रावणातल्या आपल्या सणाला) रात्री इकडे जोरदार पाऊस झाला. लाइट गेली. पहाटे साडेपाचला आपल्या मेसच्या मावशींचा फोन. मला वाटलं, रोट खायला बोलवत असतील. तर म्हणाल्या, "नाना, घरमा पानी शिरनं रे. तू ते पानीना इंजिनियर शे ना, मंग सांग ना, कोनले अर्ज देऊ?"

गेलो. तू जिथे पाटावर बसून सात-सात भाकऱ्या खायचास ना, त्या खोलीत घोट्याच्या वर पाणी. कानबाई मांडली होती त्या चौरंगाचे पाय पाण्यात. मावशी रात्रभर नारळ आणि नथ पदरात घेऊन ओट्यावर बसलेल्या. पिठाचा डबा गेला. तुझं-माझं नाव लिहिलेली ती उधारीची वही फळीवर होती म्हणून वाचली. रडत नव्हत्या. आधी मला चहा करून दिला, तोही गॅसची टाकी विटांवर चढवून.

मी बाहेर येऊन पाहिलं. गल्लीत पाणी वरून आलेलंच नव्हतं. ते खालून आलं होतं. दारासमोरच्या चेंबरचं झाकण एका बाजूला सरकलेलं आणि कडेने गाळाची गोल रेघ. बापू, त्या चेंबरला माझ्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये जे-१७ म्हणतात.

होय, त्या गल्लीच्या पावसाळी गटाराचं डिझाइन माझं आहे. मावशींना ते ठाऊक नाही. त्यांच्या लेखी मी ऑफिसात बसून धरणं करतो. त्यांनी कागद पुढे केला, मी अर्ज लिहिला. माझ्याच अक्षरात. "गल्लीत नवीन पाइप टाकल्यापासून पाणी उलट येत आहे, तरी संबंधितांनी दखल घ्यावी." संबंधितांनी! हा शब्द लिहिताना हात थांबला, पण मी लिहिला. खाली मावशींनी सही केली आणि म्हणाल्या, "तुना अक्षर चांगलं शे, साहेब वाचतीन." त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. हे मी घरात बोललो तर म्हणतील, एवढं काय, पाऊसच तसा होता. ऑफिसात बोललो तर म्हणतील, गप्प बस. तुला मावशीही ठाऊक आणि एसडब्ल्यूएमएम, म्हणजे पावसाळी पाण्याचं ते सॉफ्टवेअरही ठाऊक. असा माणूस मला जगात एकच आहे.

आता नेमकं काय झालं ते सांगतो. तू प्रत्येक ओळीला "हे कशावरून" विचारणार, म्हणून सगळंच सांगतो.

गल्लीतून ९०० मिलिमीटरचा एनपी-३ सिमेंटचा पाइप, स्लोप १:५००, एन (खडबडीतपणाचा आकडा) ०.०१३. भरून वाहिला तर सुमारे ०.८ क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला ०.८ घनमीटर. गल्लीच्या पाण्याला पुरेसा आहे, त्यात चूक नाही. इन्व्हर्ट (पाइपाच्या तळाच्या पातळ्या) मी स्वतः लेव्हल लावून तपासल्या, ऑफसेट (चेंबरच्या तळापासून पाइप किती वर) खोलीत आहेत की उंचीत हे तीनदा पाहिलं. (तीनदा का, ते तुला माहीत आहे. फायनल इयरला तू खोलीच्या जागी समुद्रसपाटीपासूनची उंची टाकली होतीस आणि आख्खी लाइन २५० मीटर आकाशात लटकवली होतीस! आणि सॉफ्टवेअरनेही गुपचूप एकेका चेंबरची खोली वाढवून पाइपाला गाठलं, फक्त खाली इशारा क्रमांक दोन लिहिला. एकही चेंबर तुंबलं नाही म्हणून तू मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजलास. सगळी चेंबरं अडीचशे मीटरच्या विहिरी झाली होती, तुंबतील कशी! मावशींनी त्या चहाचे पैसे अजून मागितलेले नाहीत.)

तर पाइप बरोबर. पाइप जाऊन मिळतो नाल्याला. नाला मी मॉडेलमध्ये उघडा चॅनेल म्हणून घेतला: ट्रॅपिझॉइड, तळ २ मीटर, खोली १.२, दोन्ही बाजूंना एकास एक, स्लोप १:४००. आणि रफनेसच्या, म्हणजे एनच्या रकान्यात ०.०१५.

०.०१५ म्हणजे काँक्रीटचं अस्तर, आणि ते मी मनाने घातलेलं नव्हतं. मला जो ड्रॉइंग मिळाला त्यावर "प्रस्तावित अस्तरित नाला" असं लिहिलेलं होतं. नाल्याचे सेक्शन (आडवे छेद) घेतले मे महिन्यात. तेव्हा नुकताच जेसीबी फिरून गेलेला, तळ स्वच्छ, आरशासारखा नाला. फोटोही आहेत. मी "प्रस्तावित" वाचलं आणि पुढे गेलो. अस्तराचं काम दुसऱ्या योजनेत होतं, ते सुरूच झालेलं नाही. हे एका फोनवर कळलं असतं, आणि तो फोन मी केला नाही.

परवा मी नाल्यात उतरलो. बेशरमाची झुडपं माझ्या छातीएवढी. मधे गाद्या, थर्माकोल, कुणाच्या तरी मंडपाचे बांबू. तळाला काळ्या मातीचा असा गाळ की बूट पायातून निघाला. द्रवयांत्रिकीचं पुस्तक काढून कुणालाही विचार, असल्या नाल्याला ०.०५ च्या खाली कोणी देणार नाही.

घरी येऊन मी फक्त तो एक आकडा बदलला, बाकी काही नाही. तोच पाऊस, तेच पाणलोट, तेच पाइप. ०.०१५ ला तो नाला काठोकाठ १०.२ क्युमेक्स नेतो. ०.०५ ला ३.०६. डिझाइनच्या पावसात नाल्याला येतात चार. म्हणजे माझ्या जुन्या मॉडेलमध्ये नाल्यात जेमतेम ७२ सेंटिमीटर पाणी, पाइपाचा क्राऊन (वरची कड) उघडा, गल्ली कोरडी. नव्यात नाला काठावरून वाहतोय, पाइपाचं तोंड बुडालेलं, आणि गल्ली नाल्याच्या काठापेक्षा वीतभर खालीच आहे. जे-१७ लाल झाला. बापू, मी तो लाल ठिपका बघत बसलो. तिथे चौरंग होता.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पाणी कसं वाहतं ते काढायला मी डायनॅमिक वेव्ह ही पद्धत वापरली होती. आठवतं ना ते भांडण? तू म्हणत होतास, कायनेमॅटिक लाव, लवकर चालतं, सबमिशन उद्या आहे. मी म्हणत होतो, कायनेमॅटिकला बॅकवॉटर (उलटा दाब) कळत नाही, नाला फुगला की पाइपात पाणी मागे येतं, ते त्याला दिसणारच नाही. एस्टी स्टँडवर आपण दोघं ओरडत होतो आणि तुझी शिरपूरची गाडी निघून गेली. शेवटी सरांनी माझी बाजू घेतली. तू चार दिवस बोलला नाहीस. पाचव्या दिवशी एवढंच म्हणालास, "तू गणित जिंकलास. पण ज्या नाल्यावरून भांडलास, तो तरी पाहिलास का?" तेव्हा मला ते हरलेल्याचं बोलणं वाटलं होतं. त्याबद्दल आज मनापासून माफ कर. उशीर झालाय, तरी कर.

सॉफ्टवेअरने मला फसवलेलं नाही. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर त्याने अचूक दिलं. नवा कॉन्ड्युइट (पाइप किंवा नाला) काढला की रफनेसमध्ये ते स्वतःहून ०.०१ भरतं, निदान तो तरी मी बदलला, असं मी मनाला सांगत होतो. पण पाइपाचा एन आणि नाल्याचा एन या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत आणि फॉर्म मात्र एकच आहे, रकाना एकच आहे. पाइपाचा आकडा कारखान्यातून येतो आणि वर्षभर तसाच राहतो. नाल्याचा मे महिन्यात एक असतो, श्रावणात दुसरा. मॅनिंगच्या सूत्रात तो एन छेदात बसलेला आहे. तिप्पट झाला की पाणी एक तृतीयांश. हे आपण पहिल्या वर्षी पाठ केलं होतं.

माझे आजोबा पांझरा नदीवरच्या फडाचे (गावाच्या सामाईक पाटपाण्याचे) पाटकरी होते, तुला दाखवला होता तो बंधारा. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी ते फावडं घेऊन आख्खी चारी पायी चालायचे. मी लहानपणी विचारलं, पाणी तर आपोआप जातं ना? म्हणाले, "पानी आपसूक खाले जास, पन वाट आपले मोकळी करनी पडस." हे मी कॉलेजच्या भाषणात वापरून बक्षीसही घेतलं होतं. आणि सर्व्हेला मी किती चाललो? नकाशावर लांबी मोजली, दोन सेक्शन घेतले, गाडीत बसलो.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "आपण ड्रॉइंगप्रमाणे केलं. ड्रॉइंग ज्याचा, जबाबदारी त्याची. तू स्वतःहून कागद कशाला वाढवतोस?" कायद्याने बरोबर असेलही. पण त्याच नाल्याला आणखी दोन गल्ल्यांचे पाइप जोडायचे आहेत, दुसरा टप्पा. त्याची फाइल माझ्या टेबलावर आहे आणि त्यातही तोच नाला, तोच ०.०१५ कॉपी झालेला. मी तो तसाच पुढे पाठवू? नाही पाठवणार. एवढं ठरलंय. सोमवारी लेखी देतो: जुन्या टप्प्यात हा आकडा असा घेतला होता, प्रत्यक्षात असा आहे, परिणाम असा. माझ्या सहीने. नोकरी जाणार नाही, फार तर चांगली कामं जातील. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मग अर्ज लिहायच्या आधीच द्यायचं होतं." तिचं बरोबर आहे.

उपाय मी शोधतोय. पाइपाच्या तोंडाला फ्लॅप गेट (एकाच बाजूला उघडणारं झडपेचं दार) लावलं तर नाल्याचं पाणी मागे येणार नाही, मॉडेलमध्ये एका रकान्यात "हो" निवडून दाखवता येतं. पण नाला भरलेला असेल तेवढा वेळ गल्लीचं स्वतःचं पाणी अडकून राहील. ते किती साचतं हे काढायचंय. शिवाय गेटमध्ये मंडपाचा बांबू अडकला तर गेट उघडंच राहणार. अस्तर होईपर्यंत दर वर्षी दोनदा सफाई, एकदा मेमध्ये आणि एकदा श्रावणात, हे लिहून घ्यायचंय. आणि नाला आता ट्रॅपिझॉइड म्हणून नाही घेणार. दर तीस मीटरवर खरा सेक्शन, अनियमित, डावा काठ, तळ आणि उजवा काठ यांना वेगवेगळा एन.

आणखी एक. १५ सप्टेंबरला अभियंता दिन. या वर्षी भाषण मी करायचं असं महिन्यापूर्वीच ठरलंय, विषय विश्वेश्वरय्या आणि धुळे. तुझा आवडता किस्सा: १८८४ साली नोकरीला लागलेला तरुण पोरगा, पहिल्याच कामांत पांझरेच्या प्रवाहाखालून पाइपाचा सायफन न्यायचा. पाइप आधी उतरणार, मग चढणार, आणि पाणी पलीकडे निघणार. ना संगणक, ना मॉडेल. तो नदीत उभा राहिला असेल ना रे? मी तिथे उभा राहून काय बोलू? नाही म्हणावंसं वाटतं. नाही म्हटलं तर कारण विचारतील.

मावशींना सांगायचं की नाही, हेच अजून सुटत नाही. त्यांना एन कळणार नाही, पण "मी केलं" हे कळेल. त्या रागावणार नाहीत, हीच भीती आहे. म्हणतील, जाऊ दे रे, जेवून जा.

तुझं कसं चाललंय? मस्कतचा उन्हाळा संपत आला का? चिऊचे पुढचे दात आले का? वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला तुझ्या चुलतभावाकडून कळलं. तेव्हा तरी फोन करायला हवा होता. दिवाळीला येणार असशील तर चार दिवस धुळ्याला काढ. वांगी आली की भरीत लावू.

तुझा,
नाना

ता. क. — पुढच्या रविवारी टेप, स्टाफ (उंची मोजायची पट्टी) आणि गमबूट घेऊन नाला मुखापासून पुलापर्यंत चालणार आहे. ऑफिसातला नवा पोरगा सोबत येतोय (तो अजून तरी स्टाफ सरळ धरतो, तुझ्यासारखा उलटा नाही). रस्ता मावशींच्या दारावरूनच जातो. काठांना एन सध्या ०.०६ धरलाय, तळाला ०.०४५. तू तिकडे ओमानातल्या वाद्या (एरवी कोरड्या असणाऱ्या नद्या) पायी तुडवल्यास. बेशरम छातीएवढा, तळाला गाळ, मधे गाद्या. तू किती धरला असतास ते लिही.