तुझ्या सावकाराविषयी

नागपूर, तान्हा पोळा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची प्रकरणं वाचली. पऱ्हाटीचं शिवार, सातबारा पुढे सरकवताना बापाचा थरथरणारा हात, सारं डोळ्यांपुढे उभं राहतं. सावकार तेवढा राहत नाही. तो छळतो खरा, पण 'का?' म्हणून विचारलं तर त्याच्यापाशी उत्तर नाही.

आज इतवारीत मारबतींची, म्हणजे वाईट गोष्टींच्या प्रतीक असलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक होती. त्यातल्या बडग्याला, म्हणजे पुरुषाच्या पुतळ्याला, स्वतःचं मत नसतं, लोकांनी त्याला फक्त जाळायचं असतं. पण १८८१ पासून निघणाऱ्या काळ्या मारबतीचा संबंध लोक नागपूरकर भोसल्यांच्या राणी बांकाबाईंशी जोडतात, त्या इंग्रजांना मिळाल्या म्हणून. जरा त्यांच्या जागी उभा राहा. १८१७ ला भोसले इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरले, १८५३ ला राजे तिसरे रघुजी वारसाविना गेले, डलहौसीनं राज्य खालसा केलं. मग सत्तावन्न उजाडलं, तेव्हा 'उरलंय तेवढं तरी राखू' असं त्या म्हातारीला वाटलं असेल का? मी त्यांची वकिली करत नाहीये. पण कादंबरीकारानं हा प्रश्न टाळून कसं चालेल?

व्यासांनी टाळला नाही. राजसूय पाहून जळफळत परतलेला दुर्योधन सभापर्वात बापाला ऐकवतो, 'असंतोषः श्रियो मूलम्'. असंतोष हेच वैभवाचं मूळ! हेच वाक्य एखाद्या कर्तबगार माणसाच्या तोंडीही शोभलं असतं, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. खलनायकाची श्रद्धा अशी अर्धी खरी हवी. एका जागी खरा ठरलेला अनुभव तो साऱ्या जगाला लावत सुटतो.

समज, सावकाराच्या बापानं दुष्काळात धान्य उधार वाटलं, कुणी फेडलं नाही, घर बुडालं. तेव्हापासून फुकट दिलं की माणूस नासतो, हे त्याचं शास्त्र. पण ते त्याच्या तोंडून वदवू नकोस. दारी आलेल्या भिकाऱ्याला तो हाकलत नाही. आधी ओटा झाडून घेतो, मगच भाकर देतो, आणि तीही ताजी. शब्द दिला की मोडत नाही. लेकीच्या लग्नाचा खर्चसुद्धा त्यानं वहीत तिच्या नावे मांडून ठेवलाय. ती माहेरी येत नाही, आणि का येत नाही हे त्याला खरोखरच कळत नाही.

आणि तुझ्या नायकाला एकदा तरी त्याच्याशी वादात हरू दे. तो प्रसंग लिहून झाला की लगेच पाठव, मी वाट बघतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र