जुनी मर्सिडीज की नवी हॅचबॅक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या हॅचबॅकच्या किमतीत जुनी आलिशान मोटार घ्यावी, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. जुन्या गाड्यांच्या बांधणीचे त्यातील कौतुक रास्त असले, तरी रोजच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला तो सल्ला महागात पडेल, असे मला वाटते.

उदाहरण घरचेच घेऊ. १९९५ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे टाटांच्या तेव्हाच्या मोटार कंपनीच्या, पिंपरी येथील कारखान्यात मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ मालिकेतील ई-२२० गाडीची जुळणी सुरू झाली. २०२० मध्ये बाजारात आलेली टाटा अल्ट्रोझ ही हॅचबॅकदेखील पिंपरी-चिंचवडचीच. एक पावणेपाच मीटरची, दुसरी चार मीटरच्या आत. मर्सिडीजचे दार लागताना होणारा भारदस्त आवाज, खड्ड्यातही प्रवाशांना फारसा धक्का न देणारे मागचे सस्पेन्शन आणि काचेच्या कोपऱ्यांपर्यंत लांबून पोहोचणारा तो एकुलता एक वायपर, यांची सर अल्ट्रोझला नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

परंतु डब्ल्यू-१२४ चा मूळ आराखडा १९८४ चा आहे. आपल्या काळात ती अत्यंत सुरक्षित मानली जात असली, तरी समोरच्या भागाच्या एकाच बाजूवर ताशी ६४ किलोमीटर वेगाने आघात करणारी आजची चाचणी तेव्हा प्रमाण नव्हती. अल्ट्रोझने गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या याच चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी पाच तारे मिळवले (मुलांसाठी मात्र तीनच, हेही सांगितले पाहिजे). शिवाय १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये जादा पैसे मोजून मिळणारी, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली आहे. श्रीमंतांची ती चैन आता कायद्यानेच हॅचबॅकवाल्याच्या पदरात पडते, हा मुद्दा लेखात कुठेच नाही.

खर्चाचेही तसेच. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. दारी हत्ती झुलवायचा, तर चाराही हत्तीचाच लागतो. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील या इंजिनांच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळते, हा जगभरच्या मालकांचा परिचित अनुभव आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना कितपत मानवेल, हा प्रश्न वेगळाच. त्यातच पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी, तिचे २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलेले शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर हेही हिशेबात धरावे लागतात.

हौस म्हणून, घरात दुसरी गाडी असताना कोणी ई-२२० सांभाळत असेल, तर त्याला माझा आक्षेप नाही. मात्र अशी तुलना छापताना खरेदीच्या किमतीशेजारी नोंदणीची उरलेली मुदत, वार्षिक देखभालीचा अंदाज आणि सुरक्षा उपकरणांचा तपशील द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिंचवड