रविवारच्या राइडला येणाऱ्या नव्या सभासदांसाठी

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेटहून खडकवासल्याला निघायचं आहे. रोडबाइक पहिल्यांदाच घेऊन येणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

क्लिपचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट नवे असतील तर रविवारी घालू नका. मागच्या राइडला आपला एक नवा सभासद सिग्नलला थांबला, पाय पेडलमधून सुटला नाही आणि तो सायकलसकट उजवीकडे, रिक्षाच्या पुढ्यात पडला. रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. मला अजून ते आठवलं की धस्स होतं. आधी घरी भिंतीला धरून, टाच बाहेर वळवून पाय सोडवायचा सराव करा. पेडलवरचा, बुटाची पकड कमी-जास्त करणारा स्क्रू सैल ठेवा. आणि थांबायच्या जरा आधीच पाय काढा.

निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा. ती कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. रोडबाइकच्या ट्यूबला असतो त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरचं हवेचं नोझल थेट बसत नाही, तेव्हा हातपंप, जादा ट्यूब आणि टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) ज्याचे त्याने आणा.

हेल्मेट नसेल तर सोबत घेणार नाही. मागे पडलात तर घाबरू नका, सगळ्यांत शेवटी मी स्वतः आहे.