अरब घरांतल्या कविता मुलांना द्या

महोदय,

पुण्यातील बालवाचनालयांनी उन्हाळी वर्गांत अरब कुटुंबजीवनावरच्या कविता जरूर घ्याव्यात. दहा-बारा ओळींची एकच कविता पुरे. आधी दोनदा मोठ्याने वाचावी, अर्थ मागाहून. कॉफीवरची कविता असेल, तर बिनकानाचा छोटा कप म्हणजे फिंजान, वेलदोड्याचा वास, उजव्या हाताने कप देणे आणि ‘आता पुरे’ सांगण्यासाठी तो हलवणे करून दाखवावे. युनेस्कोने २०१५ मध्ये अरबी कॉफीची ही परंपरा वारसा यादीत घेतली आहे. घोळ होतो तो चित्रांत. नुसते उंट नि वाळू दाखवली, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) झाडाखाली कापड अंथरून फळे झोडणारे पॅलेस्टिनी आजी-आजोबा, नातवंडे मुलांच्या डोळ्यांपुढे येतच नाहीत. नुसती उंट-वाळूची चित्रे कृपया टाळावीत.

– बालवाचन कार्यकर्ते, सदाशिव पेठ, पुणे