सत्ताविसावा आउट

नोव्हाय, मिशिगन
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्त्या,

अंपायरिंग सोडतोयस आणि पांढरी टोपी माळ्यावर टाकून दिलीस, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. एका चुकीच्या एलबीवरून एवढं? चेंडू बॅटला लागून पॅडवर गेला होता, हे तुला नंतर कुणाच्या तरी मोबाइलवर दिसलं आणि तेव्हापासून तू जेवतानाही धड बोलत नाहीस म्हणे. त्या पोरांनी स्कूटरची हवा सोडली ते वाईटच केलं, पण तुला ते लागलेलं नाही. तुला मोबाइलवर दिसलं ते लागलंय, एवढं मी तुला ओळखतो. या बाबतीत तुला एक गोष्ट कधीची सांगायची होती. व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारी नाही, म्हणून पत्र.

गोष्ट बेसबॉलची आहे. लगेच नाक मुरडू नकोस. विटीदांडूचा श्रीमंत मावसभाऊ म्हणतोस ना तू त्याला? म्हण हवं तर. मीही पहिली काही वर्षं कंटाळूनच बघत होतो. ऑफिसातल्या लोकांबरोबर डेट्रॉइटला जायचं, हॉट डॉग खायचा आणि घड्याळ बघायचं. मग हळूहळू लक्षात आलं, की इथले जुने प्रेक्षक कोण जिंकलं हे कधीकधी विसरतात, पण कोण कुठे चुकला हे त्यांना तारखेनिशी पाठ असतं. तिथून मला गोडी लागली.

आता नियम थोडक्यात. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट. म्हणजे एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, संपूर्ण मॅच एकट्याने टाकली, तर सत्तावीस जण बाद करायचे. त्या सत्तावीसपैकी एकही जण कुठल्याही कारणाने पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे रन काढायच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यापर्यंत, पोचला नाही, तर ती परफेक्ट गेम. हिट (बेसवर पोचवणारा फटका) नको, वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) नको, फील्डरची चूकसुद्धा नको. २०१० च्या मेअखेरपर्यंत मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, सव्वाशेहून जास्त वर्षांत असे फक्त वीस सामने झाले होते. आपल्याकडे एका डावात दहा विकेट घेणं जितकं दुर्मीळ, तितकंच धर.

२ जून २०१०. डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क, टायगर्स विरुद्ध क्लीव्हलँड. पिचर अर्मांडो गलारागा, व्हेनेझुएलाचा, अठ्ठावीस वर्षांचा. मेच्या मध्यापर्यंत तो खाली, टोलेडोच्या मायनर लीग संघात होता. बुधवारची रात्र, गर्दी बेताचीच. पण आठवी इनिंग संपली तरी क्लीव्हलँडचा एकही माणूस बेसवर पोचलेला नव्हता. अशा वेळी डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवर, त्या पिचरशी कुणी बोलत नाही. शेजारी बसत नाहीत, 'परफेक्ट' हा शब्दही काढत नाहीत. आपण क्रिकेटमध्ये स्कोअर एकशे अकरा झाला की अपशकून म्हणून पाय उचलून बसतो, तसलाच प्रकार.

नववीतल्या पहिल्याच बॅटरने चेंडू मधोमध लांब मारला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण सेंटर फील्डचा ऑस्टिन जॅक्सन पाठ करून पळत सुटला आणि खांद्यावरून येणारा तो चेंडू त्याने ग्लव्हमध्ये घेतला. गलारागाचा चेहरा एकदम पोरासारखा उजळला. दुसराही आउट. सव्वीस झाले.

सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्याने चेंडू जमिनीवरून उजवीकडे ढकलला. पहिल्या बेसचा फील्डर मिगेल काब्रेरा चेंडूसाठी बाजूला धावला, म्हणून बेस सांभाळायला खुद्द गलारागा पळाला. काब्रेराने फेकलेला चेंडू त्याने ग्लव्हमध्ये घेतला आणि पाय बेसवर टेकवला. डोनाल्ड अजून पाऊलभर मागे होता, म्हणजे तो आउट. स्टेडियम उठून उभं राहिलेलं. आणि पहिल्या बेसवरच्या अंपायरने, जिम जॉइसने, दोन्ही हात बाजूला पसरले. सेफ! म्हणजे नाबाद.

दत्त्या, ती क्लिप तू यूट्यूबवर बघच, पण बघताना चेंडूकडे बघू नकोस, माणसांकडे बघ. काब्रेरा भांडतोय, डोनाल्डने स्वतःच आश्चर्याने डोक्यावर हात ठेवलेत, मॅनेजर जिम लेलँड तरातरा येतोय. आणि ज्याचं सगळं गेलं तो गलारागा नुसता हसलाय. उपहासाने नव्हे, रागानेही नव्हे. 'असं कसं झालं बुवा' एवढंच त्या चेहऱ्यावर आहे. मग तो परत माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, गेला, पुढच्या बॅटरला त्याने आउट केलं आणि मॅच ३-० अशी जिंकली. पूर्ण मॅचमध्ये ८८ चेंडू. एका हिटमुळे, म्हणजे न लागलेल्या एका हिटमुळे, त्याचं नाव त्या यादीत नाही.

आता जॉइस. हा काही नवखा नव्हता. १९८७ पासून मेजर लीगमध्ये होता आणि त्याच महिन्यात एका मासिकाने खेळाडूंना विचारलं, तर सगळ्यात चांगला अंपायर म्हणून त्यांनी याचंच नाव घेतलं. ही घटना घडून गेल्यानंतर हां! त्या रात्री अंपायरच्या खोलीत जाऊन त्याने रिप्ले बघितला आणि बाहेर पत्रकारांना सरळ सांगून टाकलं, की मी त्या पोराची परफेक्ट गेम घालवली. 'माझ्या जागेवरून तसं दिसलं', 'वेगच इतका होता', असला एक शब्द नाही. मग त्याने गलारागाला भेटायची विनंती केली, त्याला मिठी मारली आणि रडत रडत माफी मागितली. गलारागा बाहेर येऊन म्हणाला, माणूस कुणीच परफेक्ट नसतो, आणि माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच दोन संघांची मॅच होती आणि पाळीप्रमाणे जॉइस होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागे, मुख्य अंपायर म्हणून उभा राहणार होता. लीगने त्याला सुट्टी देऊ केली होती, त्याने घेतली नाही. तुला हेच सांगायचंय. गडी आला, आणि तोही घरच्या प्रेक्षकांसमोर. मॅचआधी दोन्ही संघ आपली बॅटिंगची यादी होम प्लेटजवळ अंपायरच्या हातात देतात. हे काम मॅनेजरचं किंवा त्याच्या मदतनिसाचं. त्या दिवशी टायगर्सने यादी गलारागाच्या हाती पाठवली. जॉइसने यादी घेतली, डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि कामाला लागला. डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. इथले प्रेक्षक काही संत नाहीत, विरोधी पिचरला काय काय ऐकवतात ते मी ऐकलंय. पण तो गलारागा हसला नसता, तर त्या टाळ्या वाजल्या असत्या का, याची मला शंका आहे.

लीगचा प्रमुख, कमिशनर बड सेलिग, याने निकाल फिरवला नाही. माझ्या मते फिरवायला हवा होता. शेवटचाच आउट होता, मागेपुढे काही अडत नव्हतं. माझा बॉस मात्र म्हणतो की एकदा फिरवला की कुठे थांबणार? असो. २०१४ पासून रिप्लेचा नियम वाढवला. आता असा निर्णय न्यूयॉर्कमध्ये स्क्रीनसमोर बसलेले अंपायर तपासतात आणि मैदानावरच्याला कानाला लावलेल्या हेडसेटवर सांगतात. तुमच्या सांगलीच्या मैदानावर कुठला आलाय रिप्ले! तिथे मोबाइलवाले आहेत, ते नंतर दाखवतात.

जॉइसचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण डॉन डेंकिंगर या दुसऱ्या अंपायरचं तसं नव्हतं. १९८५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदासाठी जास्तीत जास्त सात मॅचची अंतिम लढत, सेंट लुइस कार्डिनल्स आणि कॅन्सस सिटी रॉयल्स, दोन्ही मिझुरी राज्यातले. कार्डिनल्स ३-२ ने पुढे, सहाव्या मॅचमध्ये १-० ने पुढे, नववी इनिंग, म्हणजे तीन आउटवर अजिंक्यपद. तिथे पहिल्याच बॅटरला, होर्हे ओर्ताला, डेंकिंगरने पहिल्या बेसवर सेफ दिलं. चेंडू आधी पोचला होता. पुढे रॉयल्सने दोन रन काढून मॅच घेतली आणि दुसऱ्या दिवशी सातवी मॅच ११-० ने. त्या सातव्या मॅचला होम प्लेटमागे अंपायर कोण? पाळीप्रमाणे हाच डेंकिंगर.

सेंट लुइसच्या रेडिओवाल्यांनी त्याच्या घरचा पत्ता आणि फोन नंबर हवेवर सांगून टाकला. धमक्या आल्या. आणि गंमत बघ, तो ओर्ता पुढे तिसऱ्या बेसवर आउट झाला, म्हणजे त्याच्या पायाने रन आलाच नाही. मध्ये कार्डिनल्सने एक सोपा झेल हातचा घालवला, एकदा कॅचरच्या, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरच्या, ग्लव्हमधून चेंडू निसटला. सातवीत अकरा रन खाल्ले ते काय डेंकिंगरने दिले होते? पण लोकांना एकच माणूस लागतो. त्यातून तो अंपायर असला तर फारच सोयीचं, कारण तो आपल्या संघातला नसतो.

हा माणूस १९९८ पर्यंत अंपायर राहिला. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, जी मिनेसोटाच्या जॅक मॉरिसने दहाच्या दहा इनिंग टाकून १-० ने जिंकली आणि जिला लोक अजून डोक्यावर घेतात, तिच्या होम प्लेटमागेही डेंकिंगरच होता. ते कुणाला आठवत नाही.

खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. बोस्टन रेड सॉक्सने १९१८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. इथे दहाव्या इनिंगमध्ये ५-३ ने पुढे, दोन आउट, बेसवर कुणी नाही. न्यूयॉर्क मेट्सने लागोपाठ तीन हिट मारल्या, मग एक चेंडू कॅचरला न सापडता मागे गेला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मूकी विल्सनचा एक साधा सरपटी फटका पहिल्या बेसच्या बिल बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला. ६-५. घोटे दुखत असताना तो माणूस वर्षभर खेळला होता आणि त्या मोसमात त्याने १०२ रन आणून दिले होते. तोपर्यंत बरोबरी झालीच होती, सातवी मॅच तर अजून बाकी होती. तरी नाव बकनरचंच. आयुष्यात २,७१५ हिट आणि लोकांच्या लक्षात राहिला एक न अडवलेला चेंडू. पुढे तो कुटुंब घेऊन दूर आयडाहोला राहायला गेला. २००८ च्या एप्रिलमध्ये रेड सॉक्सने मोसमातल्या घरच्या पहिल्या मॅचचा मानाचा चेंडू टाकायला त्याला त्यांच्या फेनवे पार्कवर बोलावलं, तेव्हा सगळे प्रेक्षक उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवत होते. तोपर्यंत बोस्टनने दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकली होती, हेही लक्षात घे. जिंकल्यावर माफ करणं सोपं जातं. मला त्या टाळ्यांचं तेवढं कौतुक नाही, जेवढं डेट्रॉइटच्या टाळ्यांचं आहे. तिथे चोवीस तासही झाले नव्हते.

एक शेवटचा अंपायर सांगतो, कारण हा खास तुझ्या जातीचा आहे. नियमाचा पक्का. हँक ओ'डे, साल १९०८. सप्टेंबरच्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या एका मॅचमध्ये शिकागोच्या जॉनी एव्हर्सने अपील केलं, की विजयी हिट बसली, पण पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्या बेसला न शिवताच मैदानाबाहेर निघाला, तेव्हा तो आउट आणि रन बाद. पुस्तकात नियम तसाच होता, पण पाळत कुणी नव्हतं. ओ'डेने पाहिलं नव्हतं, त्याने अपील फेटाळलं. पण डोक्यात राहिलं. तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर शिकागोच्याच मॅचमध्ये तसंच घडलं. न्यूयॉर्क जायंट्सचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर होता, विजयी हिट बसलेली बघून दुसऱ्या बेसला न जाता पव्हेलियनकडे वळला. लोक मैदानात घुसलेले, चेंडू गर्दीत गेलेला. एव्हर्सने कुठून तरी चेंडू आणून दुसऱ्या बेसला पाय लावला. तो चेंडू तोच होता की दुसरा, यावर अजून वाद आहे. आणि ओ'डेने, घरच्या एवढ्या प्रेक्षकांच्या गराड्यात, मर्कल आउट दिला. मॅच बरोबरीत. मोसम संपला तेव्हा दोन्ही संघ सारखेच, म्हणून ८ ऑक्टोबरला ती मॅच पुन्हा खेळवली. शिकागो कब्ज जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही. त्यानंतर त्यांना ती परत मिळायला २०१६ उजाडलं. न्यूयॉर्कमधले काही जण म्हणतील, भोगलं! बिचाऱ्या मर्कलला 'बिनडोक' हे नाव जन्मभर चिकटलं. ओ'डेला मात्र २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. अंपायरांना तिथे जागा फार कमी.

पहिल्या वेळी चुकला आणि दुसऱ्या वेळी तयार होता, हा जो ओ'डे आहे ना, त्याच्याबद्दल मी तुझ्याशी तासभर बोलू शकतो. पण हात दुखायला लागला.

त्या पोराला, ज्याला तू एलबी दिलास, भेटलास का? वहिनी म्हणाल्या तो आपल्या गल्लीच्या टोकालाच राहतो. त्याचं काय म्हणणं आहे, ते मला ऐकायचंय. क्लबवाल्यांचं नको.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोघं चिन्मयकडे टोरांटोला येताय ना? गाडीने चार-साडेचार तासांवर आहोत आम्ही. अमेरिकेचा व्हिसा आत्ताच काढायला टाक, तारखा लवकर मिळत नाहीत. पहिल्या बेसच्या बाजूची तिकिटं मी काढून ठेवतो. अंजू म्हणतेय, येताना भडंग आणायला विसरू नका, आणि बेदाणे पण, पण हिरवे, काळे नकोत.

आईंना साष्टांग नमस्कार. त्यांचं गुडघ्याचं कसं काय ते लिही.

तुझा,
मन्या